विरार फास्टनं लंडन किती लांब?

रोज विरारहून चर्चगेटला नोकरीला जाणाऱ्या माणसाला कुणी विचारलं, "काय हो, लंडनला गेलायत का कधी?" तर त्यानं "दर अडीच महिन्यांनी जातो की!" असं खुशाल सांगावं. हिशेब साधा आहे. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर, जाऊन-येऊन १२०. मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. म्हणजे लोकलच्या बरोब्बर ६० फेऱ्या. महिन्याचे २५ दिवस कामाचे धरले, तर पाडव्याला विरारहून निघालेला माणूस मृगाच्या पावसात लंडनला पोचतो! फास्ट गाडीचा सव्वा तास धरला तरी त्याचे १५० तास गाडीत जातात. विमान तेवढंच अंतर साडेनऊ-दहा तासांत कापतं.

मुंबई-लंडन या जोडीचं मला फार आकर्षण आहे. दोन शहरांमधलं अंतर दोनशे वर्षांत जवळजवळ होतं तेवढंच आहे. पण ते कापायला लागणारा वेळ, जायची वाट आणि दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक, सगळं बदलत राहिलं. त्यातल्या कितीतरी गोष्टी ऐकल्या की "खरंच?" असंच तोंडातून निघतं.

दोरा ताणून बघा

घरात पृथ्वीगोल असेल तर घ्या. नसेल तर एखादं मोसंबंही चालेल, पण गोल असला तर मजा जास्त. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा घट्ट ताणा. तो कुठून जातो?

पहिला मोठा मुक्काम कराची. दोरा जवळजवळ शहराच्या डोक्यावरूनच जातो. पुढे इराणचा पूर्व भाग, कॅस्पियन समुद्राचा कोपरा, अझरबैजान. मग काळ्या समुद्राकाठचं सोची, युक्रेनमधल्या ओडेसाजवळचा मुलूख, तात्रा पर्वत, प्रागच्या थोडं उत्तरेला, अँटवर्पच्या आसपास, आणि लंडन. बरोब्बर अर्ध्या वाटेवर दोरा आर्मेनियाच्या उत्तर टोकाला असतो. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी तिथून हाकेच्या अंतरावर.

आता भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारा. ती आखाताकडून, तुर्कस्तानवरून जाते. दिसायला हीच सरळ, पण प्रत्यक्षात ती सुमारे ७,४०० किलोमीटर भरते. दोऱ्याच्या वाटेपेक्षा २०० किलोमीटर जास्त, म्हणजे मुंबई-नाशिकपेक्षाही थोडा मोठा वळसा. नकाशावर वाकडी दिसणारी वाट गोलावर जवळची ठरते, हे मुलांना शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

आणि खरोखरची सरळ रेघ हवी असेल तर पृथ्वीच्या पोटातून बोगदाच खणावा लागेल. त्याची लांबी साधारण ६,८३० किलोमीटर होईल. एवढा उपद्व्याप करून वाचतील जेमतेम पावणेचारशे किलोमीटर, आणि मध्यावर बोगदा जमिनीखाली जवळजवळ १,००० किलोमीटर खोल असेल. पण समजा असा बोगदा झालाच. त्यात हवा नाही, घर्षण नाही, पृथ्वीची घनता सगळीकडे सारखी. मग डबा नुसता सोडून द्यायचा. अर्ध्या वाटेपर्यंत गुरुत्वाकर्षण त्याला ओढत नेईल, पुढचा अर्धा चढ तो त्याच वेगाच्या जोरावर चढेल, आणि ४२ मिनिटांत लंडन! यातली खरी गंमत पुढे आहे. असाच बोगदा मुंबई-पुणे खणला, तरी वेळ ४२ मिनिटंच लागेल. जवळच्या गावाला उतार कमी, म्हणून वेगही कमी. गणिताचं हे उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन ताडून पाहिल्याशिवाय मला राहवलं नव्हतं.

मग दीड-दोन तास जातात कुठे?

मोठी जेट विमानं तासाला साधारण ९०० किलोमीटर वेगानं उडतात. ७,२०० भागिले ९०० म्हणजे आठ तास. तिकिटावर मात्र साडेनऊ-दहा तास छापलेले असतात.

पहिलं कारण, तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि उड्डाणाच्या रांगेत बराच वेळ जातो. तिकडे हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या. वारा पश्चिमेचा असला की एकीवर विमानं उतरतात, दुसरीवरून उडतात, आणि दुपारी तीन वाजता अदलाबदल होते. आसपासच्या वस्तीला अर्धा दिवस तरी शांतता मिळावी म्हणून ही सोय. तरीही गर्दी झालीच, तर येणारी विमानं लंडनभोवतीच्या बोव्हिंगडन, लँबर्न, ऑकम आणि बिगिन या चार ठरलेल्या जागांपैकी एकीवर घिरट्या घालत नंबर लागायची वाट पाहतात.

दुसरं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची नदीच वाहत असते. तिला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ती ताशी २०० किलोमीटरच्या वर वेग घेते. लंडनला जाताना हा वारा नाकासमोर, येताना पाठीशी. म्हणून परतीचा प्रवास साधारण पाऊण ते एक तास लवकर आटपतो.

तिसरं कारण माणसांचं. दोऱ्यानं दाखवलेली वाट आठवा. कराची, आणि पुढे ओडेसा. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२पासून नागरी विमानांना बंद झालं. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २०१९मध्ये काही महिने पाकिस्ताननं आपलं आकाश मिटलं होतं, आणि एप्रिल २०२५मध्ये भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला. मुंबईला त्याची झळ दिल्लीइतकी बसत नाही, कारण आपल्याला अरबी समुद्र मोकळा आहे. पण समुद्रावरून ओमानकडे सरकलं की पुढे इराक, तुर्कस्तान, सौदी, इजिप्त यांतलं कुठलं आकाश त्या दिवशी उघडं आणि सुरक्षित आहे, ते पाहून वाट ठरते. त्यामुळे आज निघालेलं आणि पुढच्या महिन्यात निघणारं विमान एकाच आकाशातून जाईल याची खात्री नाही. विमान सौदी-इजिप्तमार्गे वळलं की मला विशेष गंमत वाटते. आपल्या पणजोबांच्या काळातल्या आगबोटीही नेमक्या याच बाजूनं जात असत.

कोळशावर झोपलेली बोट

सुवेझचा कालवा होण्याआधी लंडनहून मुंबईला यायचं तर सगळ्या आफ्रिकेला प्रदक्षिणा घालावी लागे. जवळजवळ २०,००० किलोमीटर, आणि शिडाच्या जहाजाला त्यात महिनेच्या महिने लागत. १८३०च्या मार्चमध्ये मुंबईनं एक धाडस केलं. मुंबई गोदीतच बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही वाफेवरची बोट सुवेझकडे निघाली. तिची कोळशाची कोठारं लहान आणि अंतर मोठं. मग काय, केबिनींतही कोळसा भरला! एडनला आणि तांबड्या समुद्रातल्या बंदरांवर आणखी कोळसा घेत ती साधारण ३३ दिवसांत सुवेझला पोचली. तिथून वाळवंट ओलांडून अलेक्झांड्रिया, आणि पुढे दुसरी बोट.

१७ नोव्हेंबर १८६९ला सुवेझ कालवा उघडला आणि लंडन-मुंबई सागरी अंतर २०,००० वरून सुमारे ११,६०० किलोमीटरवर आलं. ज्यूल व्हर्न यांच्या कादंबरीतला फिलिअस फॉग लंडन ते मुंबई प्रवासाला २० दिवस धरतो. सात दिवस सुवेझपर्यंत, तेरा दिवस पुढे. तो मुंबईत पोचतो दोन दिवस आधीच!

पण माणसाच्या आधी शब्द पोचले. १८७०मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजानं मुंबई ते एडन समुद्रतळाशी तार टाकली. त्याच वर्षी जूनमध्ये ती तारांची साखळी लंडनपर्यंत पूर्ण झाली. माणसाला तीन आठवडे लागत असताना निरोप काही मिनिटांत जाऊ लागला. पुढे १९२७ साली बिनतारी सेवा सुरू झाली, तेव्हा लंडनकडे संदेश जायचे आपल्या खडकीतून आणि तिकडचे टिपले जायचे दौंडला. दौंड म्हटलं की आपल्याला रेल्वे जंक्शन आठवतं, पण एके काळी विलायतेचा आवाज हिंदुस्थानात पहिल्यांदा कानावर पडायचा तो तिथेच.

विलायत या शब्दाचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. मूळ अरबी, अर्थ प्रांत किंवा राज्य. आपल्याकडे त्याचा अर्थ झाला इंग्लंड, आणि तिथून आलेली प्रत्येक वस्तू विलायती. हाच 'बिलायती' हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांच्या तोंडी बसला, त्याचं झालं 'ब्लाइटी', आणि तो मायदेशासाठी लाडका शब्द म्हणून इंग्रजीत कायमचा राहिला. शब्दानं परतीचं तिकीट काढलं म्हणायचं.

मार्सेलचा शॉर्टकट

आगबोटीच्या काळातली एक युक्ती शहाण्या प्रवाशांना माहीत असे. लंडनहून निघालेली बोट स्पेनला वळसा घालून, जिब्राल्टरमधून भूमध्य समुद्रात शिरे, आणि फ्रान्सच्या दक्षिणेला मार्सेलला पोचेपर्यंत आठवडा जाई. म्हणून ज्याच्या खिशात पैसे असत, पण हातात वेळ कमी, तो लंडनहून आगगाडीनं फ्रान्स ओलांडून थेट मार्सेललाच बोट गाठे.

स्वातंत्र्यवीर सावरकरांना ही निवड नव्हती. कैदी म्हणून त्यांना घेऊन 'मोरिया' बोट १ जुलै १९१०ला लंडनहून निघाली, ती मार्सेलला आली तेव्हा आठवडा झाला होता. ८ जुलैच्या सकाळी त्यांनी समुद्रात उडी घेतली. मुंबई-लंडन मार्गावरचं हे बंदर महाराष्ट्राच्या घराघरांत ठाऊक झालं ते या उडीमुळे. फ्रान्सच्या भूमीवर त्यांना पकडलं यावरून दोन देशांत वाद पेटला आणि तो हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला.

गोलमेज परिषदेच्या वेळची गोष्ट. १४ ऑगस्ट १९३१ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गांधीजींची पहिली भेट मुंबईत मणिभवनात झाली. बाबासाहेब लगेच 'मुलतान' बोटीनं निघाले. गांधीजी निघाले २९ ऑगस्टला, 'राजपुताना' बोटीनं. ते मार्सेलला उतरले, पुढे आगगाडी, मग खाडी ओलांडून १२ सप्टेंबरला लंडन. पंधरा दिवस. मुंबईहून लंडनला जायला त्या काळी हाच चांगला वेग समजला जात होता.

बैलगाडीतून आलेलं पेट्रोल

३० मार्च १९२९ला लंडन ते कराची अशी नियमित विमानसेवा सुरू झाली. ती 'विमानसेवा' म्हणायची खरी, पण सुरुवातीला बाझलपासून जिनोआपर्यंत प्रवासी आगगाडीनं जात! तिथून पुढे समुद्रात उतरणारं विमान, इजिप्तपासून पुन्हा जमिनीवरचं, आणि कराचीला एकूण सात दिवस.

पण कराचीपाशी विमान थांबे. मुंबईच्या पत्रांना पुढे आगगाडीच. ही उणीव भरून काढली जे. आर. डी. टाटांनी. १५ ऑक्टोबर १९३२ला सकाळी ते कराचीहून एक इंजिनाच्या छोट्या 'पस मॉथ' विमानात एकटे निघाले. सोबत सुमारे २५ किलो टपाल. वाटेत अहमदाबादला पेट्रोलसाठी उतरले, आणि ते पेट्रोल आलं बैलगाडीतून, डब्यांमध्ये. दुपारी विमान जुहूला टेकलं. आपण ताणलेला दोराही मुंबईहून कराचीवरूनच जातो, हे लक्षात घ्या. त्या दिवशी मुंबई-लंडन हवाई वाटेचा तुटलेला तुकडा जोडला गेला. योगायोग असा की लंडनचं महाराष्ट्र मंडळही १९३२चंच.

त्याच्या दोन वर्षं आधीचा, १९३०चा एक प्रसंग मला या सगळ्यात फार प्रिय आहे. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये एकट्यानं विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जे. आर. डी. कराचीहून निघाले, तर सतरा वर्षांचे आस्पी इंजिनीअर इंग्लंडहून. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये अबुकीरला. आस्पी तिथे अडकून पडले होते, कारण त्यांच्याकडे स्पार्क प्लग नव्हता. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा प्लग काढून दिला. आस्पी पुढे उडाले आणि बक्षीस त्यांनीच जिंकलं. प्रतिस्पर्ध्याच्या हाती आपणच विजयाची किल्ली द्यायची, याला मन फार मोठं लागतं. हेच आस्पी इंजिनीअर १९६०मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

८ जून १९४८ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं. नाव 'मलबार प्रिन्सेस', वाटेत थांबे कैरो आणि जिनीव्हा. चार पंख्यांचं ते कॉन्स्टलेशन विमान सुरुवातीला आठवड्यातून एकदा जाई. १९६०मध्ये बोइंग ७०७ आलं, जेटयुग सुरू झालं, आणि दिवसाचा प्रवास तासांवर आला.

या वाटेला एक दुखरी जागाही आहे. ३ नोव्हेंबर १९५०ला तेच 'मलबार प्रिन्सेस' लंडनला जाताना आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलं. २४ जानेवारी १९६६ला 'कांचनजंगा' हे बोइंगही त्याच डोंगरावर कोसळलं, आणि त्यात आपण होमी भाभांना गमावलं. तिथली हिमनदी हळूहळू खाली सरकते आहे, आणि अर्ध्या शतकानंतरही तिच्या बर्फातून त्या विमानांमधल्या वस्तू वर येत आहेत. २०१२मध्ये भारत सरकारच्या टपालाची एक थैलीही सापडली.

कळसूबाईहून उंच खुर्ची

विमान ११-१२ किलोमीटर उंचीवर असतं. बाहेर उणे ५० अंशांच्याही खाली. आत हवेचा दाब वाढवलेला असतो, पण तो जमिनीइतका नसतो. बोइंग ७८७मध्ये तो साधारण १,८०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे साडेनऊ तास आपण महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराहूनही उंच जागी बसून जेवतो, झोपतो, सिनेमा बघतो! जुन्या धर्तीच्या विमानांत तर हीच उंची २,४०० मीटरच्या घरात जाते. वेफर्सचं पाकीट फुगून टम्म होतं ते म्हणूनच. महाबळेश्वरच्या घाटातही ते असंच फुगतं. हवा कोरडी, दाब कमी, त्यामुळे मीठ आणि साखर जिभेला कमी जाणवतात. आईनं डब्यात दिलेलं लोणचं तिथे एरवीपेक्षा जास्त भाव खाऊन जातं, त्यामागे शास्त्र आहे.

याच प्रवासात ७८७ तासाला साधारण पाच टन इंधन जाळतं. साडेनऊ तासांचे पन्नास टनांच्या आसपास.

घड्याळ उलटं धरा

मुंबई आणि लंडन यांच्यात रेखांशाचे सुमारे ७३ अंश आहेत. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे मुंबईत उगवलेला सूर्य लंडनच्या रेखांशावर पोचायला ४ तास ५० मिनिटांच्या थोडं वर घेतो. १९०६मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. पण मुंबईला ती पटली नाही. मुंबईनं स्वतःची 'बॉम्बे टाइम' चालू ठेवली, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, आणि ती १९५५पर्यंत टिकली. सूर्याच्या हिशेबानं मुंबईचंच बरोबर होतं!

दुपारच्या विमानानं लंडनला जाऊन पाहा, खिडकी मिळाली तर उजवीकडची नको, डावीकडची घ्या. विमान पश्चिमेला तासाला साडेसात-आठ अंश सरकत असतं, म्हणजे सूर्याच्या निम्म्या वेगानं. त्यामुळे सूर्य आपल्याला निम्म्या वेगानं खाली उतरताना दिसतो आणि संध्याकाळ जवळजवळ दुप्पट लांबते. परतीला उलट. रात्र भराभर सरते आणि झोप लागतेय तोवर पहाट होते.

आणि ही युक्ती, ज्यांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत त्यांनी तर पाठच करावी. काट्यांचं मनगटी घड्याळ भारतीय वेळेवर लावलेलं असू द्या. ते उलटं फिरवा, बारा खाली आणि सहा वर. आकड्यांकडे न बघता नुसत्या काट्यांवरून वेळ वाचा. लंडनची वेळ दिसते! इथे सव्वादहा वाजले असतील, तर उलट्या घड्याळात पावणेपाच दिसतील. तास काटा अर्धा फेरा फिरला की सहा तास, मिनिट काटा अर्धा फेरा फिरला की तीस मिनिटं. दोन्हींचा मेळ बसतो तो नेमका साडेपाच तासांवर. हे चालतं हिवाळ्यात. मार्चच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. मधल्या सात महिन्यांत उलट्या घड्याळात दिसेल त्यात एक तास मिळवायचा, आणि मगच फोन लावायचा.